लोकमान्यांचे पथ्यपाणी

लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला, हे आपणा सर्वांस शाळेपासून पाठ आहे. शेंगांच्या टरफलांची गोष्टही पाठ आहे. केसरी, गणेशोत्सव, मंडालेचा कारावास हे दर वर्षी १ ऑगस्टला भाषणांतून ऐकतो. परंतु आयुष्याची अखेरची बारा-तेरा वर्षे तरी या पुरुषाने मधुमेहाशी झगडत काढली आणि त्या वेळी त्या रोगावर खरे औषधच नव्हते, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्या मंडळात मधुमेहाची गोळी घेणाऱ्या भगिनी आज थोड्या नाहीत, आणि घरोघरच्या सासू-सासऱ्यांची तर गणतीच नको. म्हणून यंदा लोकमान्यांचे चरित्र त्यांच्या पथ्याच्या बाजूने लिहिते आहे.

१८७१ साली त्यांचे लग्न झाले. मुलगी कोकणातील लाडघरच्या बाळ घराण्यातली, माहेरचे नाव तापी. सासरी आल्यावर सत्यभामाबाई झाल्या. पुढे टिळक पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले, तेव्हा प्रकृती अगदी किरकोळ होती. म्हणून पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तालीम, कुस्ती आणि पोहणे यांतच घालविले. परीक्षा बुडाली, पण शरीर कमावले गेले. पुढे १८७७ साली बी. ए. झाले. वर्ष वाया घालविले असे कोणीही म्हणेल, परंतु आता शास्त्र सांगते की, जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायूच ओढून घेतात. म्हातारपणी स्नायू झिजतात, साखर ठेवायला जागा उरत नाही आणि ती रक्तातच फिरत राहते. तेव्हा ते वर्ष वाया गेले असे मला तरी वाटत नाही.

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी, १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव. (आपल्या शुक्रवार पेठेतील आजोबा गणपती त्याहूनही जुना, हे सोलापूरकरांस सांगायला नको.) १८९७ साली राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. हे सारे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून पुढे जाते.

२४ जून १९०८ रोजी मुंबईस त्यांना पुन्हा पकडले, तेव्हा मधुमेह जडलेलाच होता. जामीन मागितला, तो नाकारला. २२ जुलैस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेबद्दल सहा दिवस काम बंद ठेवले. आपल्या गिरणगावाला त्याचे मोल कळेल. वय आणि प्रकृती पाहून सरकारने काळे पाणी रद्द करून साधी कैद केली आणि ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, मंडालेच्या तुरुंगात त्यांना नेऊन ठेवले. लाकडी कोठडी, आणि हवा तर अतिशय कडक.

तेथे त्यांनी पथ्याचा मार्ग धरला. गोडधोड तर सुटलेच, पण नेहमीचे धान्यही बाजूला ठेवून सातूचे पीठ, दूध, दही, तूप अशा मोजक्या आहारावर ते राहिले. सातारा जिल्ह्याकडचा कुलकर्णी आडनावाचा एक कैदी त्यांना स्वयंपाकास दिला होता, तो करून घालीत असे. येथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या घरी गहू आणि डाळ भाजून दळतात आणि गूळ घालून खातात, तेही सातूचे पीठच. परंतु लोकमान्यांचे सातू म्हणजे जव. गूळ घातलेल्या पिठाला लोकमान्यांचे पथ्य समजून कोणी मधुमेह्यास वाढू नये. आपल्या ज्वारीचेही तसेच आहे. मालदांडीची भाकरी मैद्याच्या पदार्थांपेक्षा पुष्कळ बरी, पण तीतही पिष्ट आहेच. एक भाकरी आणि तीन भाकरी सारख्या कशा होतील? कडक भाकरी पातळ आणि हलकी म्हणून ताटात किती पडल्या ते मोजायचे राहून जाते.

या पथ्याचा उपयोग का झाला असावा, ते आता समजते. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. ती इन्शुलिन नावाचा रस थेट रक्तात सोडते. अशा रसांना संप्रेरके म्हणतात. इन्शुलिनच्या हुकमानेच साखर स्नायूंत शिरते. उतारवयात होणाऱ्या मधुमेहात हा रस सुरुवातीला तयार होतो, पण शरीर त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही. पोटावर चरबी साठली तर मुळीच देत नाही म्हटले तरी चालेल. मग ग्रंथी जास्त राबते आणि हळूहळू थकते. धान्य कमी केले की रक्तात साखर कमी येते आणि थकलेल्या ग्रंथीला तेवढे पेलते. बायकांच्या बाबतीत आणखी एक भर पडते. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओसरते, वजन कमरेवरून पोटाकडे सरकते आणि साखर चढू लागते. आपण त्याला नुसते वय झाले म्हणतो आणि तपासून घेत नाही.

अशा पथ्यावर असतानाच, १९१० च्या नोव्हेंबरापासून १९११ च्या मार्चपर्यंत, त्यांनी गीतारहस्य लिहून काढले. शिसपेन्सिलीने, बांधलेल्या वह्यांत, पाच महिन्यांच्या आत. मधुमेह झाला म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्यांनी ते जाडजूड पुस्तक एकदा हातात घेऊन पाहावे.

जून १९१२ मध्ये पुण्यास सत्यभामाबाई वारल्या. चाळीस वर्षांवर संसार झालेला, आणि शेवटची भेट नाही. मंडालेस तार गेली, एवढेच. नवरा तुरुंगात, घरात मुले, दाराशी पोलीस, अशी शेवटची चार वर्षे त्या बाईने कशी काढली असतील याविषयी पुस्तकांत फार थोडे लिहिलेले आहे. लोकमान्यांची चरित्रे कपाटभर निघाली. सत्यभामाबाईंच्या वाट्याला चार-दोन पाने येतात.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री टिळकांना पुण्यात आणून सोडले. तुरुंगाने एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे ठरलेल्या वेळेला ठरलेले जेवण. बाहेर आल्यावर ती गेली. १९१६ पासून स्वराज्य संघाचे दौरे, गावोगाव सभा, गावोगाव पाहुणचार. ज्याच्या घरी उतरावे त्याने पुरणाचे ताट वाढावे आणि नको म्हटले तर यजमानीणबाईने मनाला लावून घ्यावे! पथ्य किती सांभाळता आले असेल ते चूल सांभाळणारीलाच कळेल. १९१८-१९ मध्ये वर्षाहून अधिक काळ ते इंग्लंडच्या थंडीत होते. १९२० च्या एप्रिलात आपल्या सोलापुरास प्रांतिक परिषद भरली, तिलाही ते आले होते. ते वर्ष शेवटचे ठरले.

त्या जुलैत ते मुंबईस गेले आणि सरदारगृहात उतरले. २० तारखेला उघड्या मोटारीतून फेरफटका झाला, गारठा बाधला, ताप आला. त्याचा न्यूमोनिया झाला. १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने त्यांचे देहावसान झाले. वय चौसष्ट. चौपाटीवर भर पावसात लोटलेल्या गर्दीचे वर्णन आपण वाचलेलेच आहे.

मला थांबावेसे वाटते ते त्या तापापाशी. मधुमेही वृद्धाचा ताप साधा समजू नये. ताप आला की शरीर संकट आले असे धरून चालते आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल व अ‍ॅड्रिनलीन ही संप्रेरके सोडतात. ती यकृताला साखर बाहेर काढायला लावतात आणि इन्शुलिनला जुमानत नाहीत. म्हणून रोगी जेवला नाही तरी साखर चढते. साखर चढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जंतू बळावतात आणि साखर पुन्हा चढते. आपण काय करतो? जेवण नाही म्हणून गोळी आपणच बंद करतो, आले-तुळशीचा काढा देतो आणि दोन दिवस वाट पाहतो. काढा खुशाल द्यावा, पण साखर तपासून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. म्हाताऱ्या माणसाला कित्येकदा अंगात ताप फारसा भरतही नाही. नुसती बडबड किंवा गुंगी दिसते. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस आता मिळते, तिचीही चौकशी करावी.

उलट गोष्टही तितकीच वाईट. गोळी किंवा इंजेक्शन घेऊन चतुर्थी-एकादशी कडक धरली तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, चक्कर. वृद्धांत तर कधी फक्त भ्रम, आणि मग पडून हाड मोडते. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. उपास सोडताना भरताटभर साबुदाणा खाणे हाही काही उपाय नव्हे.

लोकमान्य गेले त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात, १९२१ साली, कॅनडातील टोरांटोस बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून तो रस काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास त्याची पहिली सुई दिली. ती शुद्ध नसल्यामुळे नीट लागू पडली नाही. कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञाने रस शुद्ध करून दिला, २३ तारखेला पुन्हा सुई दिली आणि साखर उतरली. शोधाचे हक्क त्यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. लोकमान्य जाऊन त्या वेळी दीड वर्षही झाले नव्हते. तो मुलगा, ज्याची आशा सोडली होती, आणखी तेरा वर्षे जगला. १९३५ साली तो गेला, तोही न्यूमोनियाने. पेनिसिलिन सापडले होते, पण रोग्याच्या अंथरुणापर्यंत पोहोचायला त्याला अजून काही वर्षे होती.