हापशीजवळची पाणनिवळी आणि कार्ल लिनिअस



आपल्या शाळेच्या हापशीजवळ पावसाळ्यात डबकं साचतं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या पाण्यावर लांब पायांचे काळपट किडे सरसर पळत असतात. ते बुडत नाहीत अन् पोहतही नाहीत, वरच्यावर चालतात. आमच्या घरी त्याला पाणनिवळी म्हणतात. माझं आजोळ पैनगंगेच्या पलीकडे, वाशिमच्या बाजूला. तिथला माझा मामेभाऊ राखीला आला होता, तो म्हणाला हा कोळी आहे. माझी मैत्रीण म्हणाली, हा मोठा झालेला डास. तिघांचं चांगलंच भांडण जुंपलं. शेवटी आम्ही गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी निकाल काही दिला नाही. पाय मोजून या, एवढंच सांगितलं.

पाय मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. लांबून चारच दिसतात. गुरुजींच्या मोबाईलवर फोटो काढून तो मोठा केला, तेव्हा तोंडाजवळ आणखी दोन आखूड पाय दिसले. म्हणजे एकूण सहा. कोळ्याला आठ पाय असतात, तेव्हा मामेभाऊ हरला. डासाच्या पाठीवर दोन पातळ पंख असतात आणि त्याची पिल्लं पाण्याच्या आत वळवळतात. पाणनिवळीची पिल्लं मोठ्यांसारखीच दिसतात आणि पाण्याच्या वरच पळतात. म्हणून मैत्रीणही हरली. मी जिंकले असं मला वाटलं, पण गुरुजी म्हणाले की पाणनिवळी हे नाव झालं, ती कोणाच्या घरातली हे कुठं सांगितलंस? मग त्यांनी आम्हाला ज्या माणसाची गोष्ट सांगितली, तीच मी इथं लिहिते आहे.

त्यांचं नाव कार्ल लिनिअस. हे थोर शास्त्रज्ञ २३ मे १७०७ रोजी स्वीडन देशातील रोशुल्ट या खेड्यात जन्मले. त्यांचे वडील निल्स हे चर्चमधील धर्मगुरू होते व त्यांना बागेचा फार नाद होता. त्या काळी तिथल्या खेड्यातल्या माणसांना आडनाव नसायचं, बापाचंच नाव पुढं लावायचे. निल्स विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा आडनाव लागलं. त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीत लिंडेन जातीचं एक मोठं झाड होतं, त्यावरून त्यांनी लिनिअस हे आडनाव घेतलं. आपल्याकडं पिंपळे, आंबेकर असतात तसंच म्हणा ना. पुढे ज्याने साऱ्या जगाच्या झाडांना नावं दिली, त्याचं स्वतःचं आडनाव झाडाचं होतं, हे मला फार आवडलं.

लहानपणी कार्ल बागेत वडिलांना प्रत्येक रोपाचं नाव विचारायचा आणि विसरायचा. पुन्हा विचारायचा, पुन्हा विसरायचा. एकदा वडिलांनी ताकीद दिली की आता विसरलास तर पुढचं नाव सांगणार नाही. तेव्हापासून तो विसरला नाही. पण शाळेत मात्र गाडी अडली. वेक्शो या गावच्या शाळेत लॅटिन, ग्रीक आणि धर्मग्रंथ शिकवायचे. कार्लचं मन रानात. १७२६ साली वडील चौकशीला शाळेत आले, तेव्हा मास्तरांनी सांगितलं की हा मुलगा पंडित होणार नाही, याला शिंप्याच्या नाहीतर बूट शिवणाऱ्याच्या हाताखाली घाला. वडिलांना फार वाईट वाटलं. पोराला आपल्यासारखा धर्मगुरू करायचं त्यांच्या मनात होतं अन् इतकी वर्षं त्यासाठी खर्च केला होता. त्याच गावात रोथमन नावाचे डॉक्टर होते, ते शाळेतही शिकवायचे. ते म्हणाले की धर्मगुरू होणार नाही हे खरं, पण हा चांगला वैद्य होईल. एवढं म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी कार्लला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि शरीरशास्त्र व वनस्पतिशास्त्र शिकवलं.

हा भाग मी घरी बाबांना वाचून दाखवला. माझा दादा यंदा दहावीत दोन विषयांत राहिला आहे. (हे लिहू का म्हणून मी त्याला विचारलं, तो लिही म्हणाला.) बाबा त्याला नाक्यावर पंक्चरच्या दुकानात बसवायचं म्हणत आहेत. दादाला इंजिन कसं चालतं ते सगळं कळतं, पण इंग्रजीचा पेपर सुटत नाही. बाबांनी तो भाग पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त त्या डॉक्टरांचं नाव काय ते परत विचारलं.

पुढे १७२७ साली कार्ल लुंड गावी शिकायला गेला. तिथं स्टोबेअस नावाच्या डॉक्टरांच्या घरी राहायचा. त्यांची पुस्तकं कुलपात असायची. दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून तो ती गुपचूप मिळवायचा आणि रात्रभर मेणबत्तीच्या उजेडात वाचायचा. घरातल्या म्हातारीला वाटलं, हा मेणबत्ती तशीच ठेवून झोपतो, घर पेटवून देईल. स्टोबेअस रात्री अचानक खोलीत आले, पाहतात तर पोरगा वाचत बसलेला. रागवायचं सोडून त्यांनी त्याला पुस्तकांची मोकळीक दिली.

नंतर उप्साला विद्यापीठ. तिथं इतकी गरिबी होती की बुटांना भोकं पडली की आत कागद घालून चालायचं. ओलोफ सेल्सिअस या गृहस्थांना तो बागेत फुलं पाहताना भेटला आणि त्यांनी त्याला घरी आसरा दिला. बघा, तिसऱ्यांदा कुणीतरी घरात घेतलं. १७३२ साली तो स्वीडनच्या उत्तरेला लॅपलँडला गेला. थंडी, चिखल, डास यातून सुमारे पाच महिने हिंडून त्याने झाडं, किडे, पक्षी यांची नोंद केली. १७३५ मध्ये हॉलंडला जाऊन डॉक्टर झाला. त्याच वर्षी सिस्टिमा नॅचुरी हे त्याचं पुस्तक निघालं. पानं फक्त दहा-बाराच, पण खूप मोठाली. त्यात दगड, झाडं आणि प्राणी यांची घरं पाडून दाखवली होती. १७४१ साली ते उप्सालातच प्राध्यापक झाले. (इथून मी त्यांना अहो-जाहो करते.)

आता मुख्य गोष्ट. त्या वेळी शास्त्रज्ञ एखाद्या झाडाचं किंवा किड्याचं नाव म्हणजे लांबलचक वर्णन लिहायचे. एका शास्त्रज्ञाचं वर्णन दुसऱ्याशी जुळायचं नाही. आमच्या हापशीवरच्या भांडणासारखंच, फक्त लॅटिनमध्ये. लिनिअस यांनी ठरवलं की प्रत्येकाला दोनच शब्द. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्याचा स्वतःचा. म्हणजे आधी आडनाव अन् मग नाव, हजेरीपटावर असतं तसं. १७५३ साली त्यांनी झाडांना अशी नावं दिली. आपल्या हिंगोली जिल्ह्याची हळद घ्या. तिचं शास्त्रीय नाव कुर्कुमा लोंगा, हे लिनिअस यांनीच १७५३ साली ठेवलं आणि आजही तेच आहे. वड, पिंपळ, आंबा यांची नावंही त्यांचीच.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिनिअस कधी भारतात आले नाहीत. इथली झाडं त्यांना कळली ती पुस्तकांतून आणि वाळवून पाठवलेल्या फांद्यांवरून. त्यातला एक मोठा ग्रंथ म्हणजे हॉर्टस मलबारिकस. तो कोचीनच्या डच अधिकाऱ्याने तयार करवून घेतला व १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याला माहिती देणारे इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व आप्पूभट हे कोंकणी बोलणारे तिघे होते. त्या तिघांची कोंकणीतली साक्ष ग्रंथात नागरी लिपीत छापली आहे. आपण ज्या लिपीत हे भित्तिपत्रक लिहितो, तीच लिपी!

१७५८ साली सिस्टिमा नॅचुरीची दहावी आवृत्ती निघाली. तीत सुमारे ४,४०० प्राण्यांना दोन शब्दांची नावं मिळाली. प्राण्यांच्या नावांची गणती शास्त्रज्ञ या वर्षापासूनच धरतात. त्याच पुस्तकात आपली पाणनिवळी आली. म्हणजे तिची युरोपातली बहीण. नाव ठेवलं सायमेक्स लॅकस्ट्रिस. लॅकस्ट्रिस म्हणजे तळ्यातली. आणि सायमेक्स म्हणजे काय माहीत आहे का? ढेकूण!

हे ऐकून आम्ही खूप हसलो. आजी सांगते की पूर्वी बाजेत ढेकूण व्हायचे, उन्हात बाज आपटावी लागायची. कुठं तो गुबगुबीत ढेकूण अन् कुठं ही पाण्यावरची निवळी. पण गुरुजींनी परत फोटो दाखवला. पाणनिवळीला चावायला जबडा नसतो. डोक्याखाली दुमडलेली सुईसारखी सोंड असते. पाण्यात पडलेली माशी धडपडली की पाण्यावर तरंग उठतात, ते तिला पायांना कळतात. मग ती धावत येते, पुढच्या आखूड पायांनी माशी धरते आणि सोंड खुपसून आतला रस ओढते. ढेकणाचीही सोंड तशीच, फक्त तो आपलं रक्त ओढतो. मग लिनिअस यांनी दोघांना एका घरात घातलं यात हसण्यासारखं काय आहे? दोघं आजही अर्धपंखी या एकाच गणात मोडतात, फक्त कुलं वेगळी.

ती वेगळी घरं पाडायला सुरुवात केली ती लिनिअस यांच्याच शिष्याने. त्यांचं नाव फॅब्रिशिअस, ते डेन्मार्कचे. त्यांनी किड्यांची तोंडं तपासून वर्गीकरण केलं आणि १७९४ साली पाणनिवळ्यांसाठी गेरिस ही वेगळी प्रजाती केली. मग सायमेक्स लॅकस्ट्रिसचं झालं गेरिस लॅकस्ट्रिस. आपल्याकडं लग्नानंतर आडनाव बदलतं अन् नाव तेच राहतं, तसं. (काही घरांत नावही बदलतात, ते सोडा.) फॅब्रिशिअस यांनी १७७५ साली आणखी एका पाणनिवळीला फॉसेरम हे नाव दिलं होतं. त्याचा अर्थ चरातली, खड्ड्यातली. ही जात भारतात तळ्यांवर, डबक्यांवर सर्रास आढळते. तिचं आडनाव दोनदा बदलून आता लिम्नोगोनस आहे, पण फॉसेरम तसंच आहे.

लिनिअस यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. कोळ्याला अन् खेकड्यालासुद्धा त्यांनी कीटकांत घातलं होतं. मामेभावाला हे कळलं तेव्हा तो फार खूश झाला. आणि एक गोष्ट मला मुळीच पटली नाही. त्यांनी माणसांचेही खंडावरून आणि कातडीच्या रंगावरून चार गट पाडले आणि कोण आळशी, कोण हुशार असे स्वभाव चिकटवले. किड्याचे पाय मोजणाऱ्या माणसाने तिथं मात्र न मोजताच लिहिलं.

त्यांचे सतरा शिष्य जगभर झाडं अन् प्राणी गोळा करायला गेले, त्यातले कित्येक परत आले नाहीत, परदेशीच वारले. राजाने लिनिअस यांना सरदारकी दिली. शेवटी झटके येऊन त्यांची स्मृती गेली. १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला इथं त्यांचं निधन झालं. त्यांचा संग्रह १७८४ साली एका इंग्रज तरुणाने विकत घेतला, तो आता लंडनमध्ये जपून ठेवला आहे.

माझ्याकडून एक चूक झाली तीही सांगते. पाणनिवळी का बुडत नाही ते गुरुजींनी सांगितलं होतं. पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो आणि तिच्या पायांवर पाणी न धरणारे बारीक केस असतात. मी घरी बादलीत एक पाणनिवळी सोडली आणि धुण्याच्या पावडरचं पाणी ओतून पाहिलं. ताण गेला अन् ती लगेच खाली गेली. काढून वाळूवर ठेवली, पण मेली. तुम्ही हा प्रयोग करू नका, मी केला आहे.

दसऱ्यानंतर हापशीचं डबकं आटलं. पाणनिवळ्यांत काहींना पंख असतात, काहींना नसतात, एकाच जातीत दोन्ही. पंखवाल्या दुसरं पाणी शोधायला उडून जातात. सध्या त्या पैनगंगेच्या पुलाजवळ कडेच्या संथ पाण्यावर दिसतात. दादाने मला दोनदा नेऊन दाखवल्या. पाय मोजायला कुणाला जायचं असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या, तिथं पाणी लई खोल आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी