रंगवेडा संशोधक : पाऊल एर्लिख

कापड रंगविणाऱ्याचे हात रंगलेले असावेत यात नवल ते काय? पण वैद्यकाच्या विद्यार्थ्याची बोटे सदान्‌कदा निळी-जांभळी दिसू लागली, तर लोक त्याला विक्षिप्तच म्हणणार. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीत असा एक विद्यार्थी होऊन गेला. रॉबर्ट कॉख ब्रेस्लाऊला आले असता प्रयोगशाळेतील या मुलाची त्यांना ओळख करून देण्यात आली, ती अशी की, हा रंगकामात तरबेज आहे, पण परीक्षा काही पास व्हायचा नाही. निदान आख्यायिका तरी तशी आहे. या मुलाचे नाव पाऊल एर्लिख.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील स्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्या काळी डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याचा धंदा जर्मनीत भरभराटीस आला होता. हे रंग कापडासाठी होते. परंतु एर्लिख यांचे नातलग कार्ल वायगर्ट ते शरीरातील ऊतींना देत असत. पेशी मुळात पाण्यासारखी पारदर्शक. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तरी आतले फारसे काही उमगत नाही. रंग दिला की तिचे अंतरंग उलगडते. हे पाहून तरुण एर्लिख भारावून गेले. पण त्यांना पडलेला प्रश्न निराळाच होता. एखादा रंग पेशीच्या नेमक्या याच भागावर का बसतो, शेजारच्या भागाला का शिवत नाही? १८७८ साली त्यांनी डॉक्टरकीचा प्रबंधही याच विषयावर लिहिला.

पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काम करताना त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रकार रंगांच्या साहाय्याने वेगळे करून दाखविले. १८८२ साली कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधून काढताच, ते रंगविण्याची अधिक चांगली रीत एर्लिख यांनी बसविली. त्याच वर्षी फ्लुओरेसीन हा हिरवा चमकणारा रंग वापरून त्यांनी डोळ्यातील द्रवाचा प्रवाह अभ्यासला. तोवर बहुतेक मंडळी मृत ऊतीच रंगवीत. एर्लिख यांनी मेथिलिन ब्ल्यू जिवंत प्राण्याच्या शरीरात सोडले, तेव्हा मज्जातंतूंची टोके निळी होऊन उठली. जिवंत पेशीही रंगाची निवड करते, हे त्यातून स्पष्ट झाले.

दैवाचा खेळ असा की, थोड्याच वर्षांत त्यांच्या स्वतःच्या थुंकीत क्षयाचे जंतू आढळले, तेही त्यांनीच बसविलेल्या रीतीने! हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले.

जो रंग जंतूला नेमका चिकटतो, तो जंतूला मारू शकणार नाही का? हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १८९१ साली त्यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना मेथिलिन ब्ल्यू दिले आणि त्यांना गुण आला. १९०८ साली रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्यांना मेचनिकॉफ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते थांबले नाहीत. १९०९ साली त्यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी, निरुपयोगी म्हणून बाजूला पडलेले ६०६ क्रमांकाचे संयुग पुन्हा तपासले. ते उपदंशावर गुणकारी ठरले. १९१० साली हेक्स्ट कंपनीने ते साल्वरसान या नावाने बाजारात आणले. औषध सोमलाचे असल्याने काहींना अपाय झाला, एर्लिख यांच्यावर गलिच्छ आरोप झाले, आणि त्यांची आधीच खालावलेली प्रकृती अधिकच ढासळली. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे नाझी राजवटीत, ते ज्यू होते एवढ्याच कारणाने, फ्रँकफुर्टमधील रस्त्याला दिलेले त्यांचे नावही पुसण्यात आले.

रस्त्यावरचे नाव पुसता आले. पेशीतला रंग पुसता आला नाही. आज जिवंत पेशीच्या केंद्रकातील डीएनएला चिकटून अतिनील किरणांत निळे चमकणारे रंग प्रयोगशाळांत वापरले जातात. साल्वरसान विकणाऱ्या त्याच हेक्स्ट कंपनीच्या नावाने ते ओळखले जातात. हा रंग इथेच का बसतो, हा एर्लिख यांचा प्रश्न त्यांच्याही मुळाशी आहे.

मित्रहो, परीक्षेच्या धांदलीत आपल्यालाही असे एखादे वेडगळ वाटणारे कोडे पडत असेल. बोटे रंगतील म्हणून ते सोडून देऊ नये, एवढेच एर्लिख यांचे चरित्र आपल्याला सांगते.