वकील घडविणारे गुरू

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. तथापि मुक्त झालेल्या लोकांच्या वाट्यास समता आली नाही. सोयी समान असल्यास गोऱ्यांना व कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवण्यात गैर नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली दिला. सोयी मात्र समान कधीच नव्हत्या. या निर्णयाच्या आदल्या वर्षी, ३ सप्टेंबर १८९५ रोजी, वॉशिंग्टन शहरी चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांचा जन्म झाला.

त्यांचे वडील वकील होते. पहिल्या महायुद्धात चार्ल्स सैन्याधिकारी म्हणून फ्रान्सला गेले. तेथे शत्रूने नव्हे, तर स्वतःच्याच सैन्यातील गोऱ्यांनी त्यांचा पदोपदी अपमान केला. ज्यांची बाजू मांडण्यास कोणी नाही त्यांच्यासाठी कायदा शिकावयाचा, हा निश्चय करूनच ते मायदेशी परतले व हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी कायद्याची सर्वोच्च पदवी संपादन केली.

१९२९ साली वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विद्यालयाची धुरा त्यांच्याकडे आली. (नावे सारखी भासली, तरी हे हॉवर्ड निराळे व ते हार्वर्ड निराळे.) येथे कृष्णवर्णीय तरुण रात्रीच्या वर्गांत कायदा शिकत. ह्यूस्टन यांनी ते वर्गच बंद केले! दिवसा नोकरी करणाऱ्यांची वाट खुंटली. माजी विद्यार्थी संतापले. निर्णय कठोर होता, यात शंका नाही. परंतु दक्षिणेतील राज्यांत लक्षावधी कृष्णवर्णीयांमागे त्यांचे स्वतःचे असे जेमतेम शंभर वकील होते. न्यायाधीश गोरे, पंचही गोरे. अशा ठिकाणी वकिलाची तयारी अपुरी असली, तर फास अशिलाच्या गळ्यास लागतो, हे ह्यूस्टन ओळखून होते.

पुस्तकांवर त्यांची शिकवण थांबत नसे. ते विद्यार्थ्यांना न्यायालये व तुरुंग दाखवीत. चालू खटल्यांसाठी आधार शोधण्याचे काम त्यांच्यावर सोपवीत. तेथील परीक्षा इतकी कसून होई, की वर्गातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी गळून जात. १९३३ साली व्हर्जिनियात क्रॉफर्ड नावाच्या कृष्णवर्णीयावर खुनाचा खटला चालला, तेव्हा ह्यूस्टन व त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी त्याच्या बचावासाठी उभे राहिले. फाशी अटळ वाटत असता त्याला जन्मठेप झाली.

बाल्टिमोरहून रोज आगगाडीने येणारा थरगूड मार्शल नावाचा विद्यार्थी त्याच वर्षी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. आपल्याच मेरिलँड राज्याच्या कायदा विद्यालयाची दारे कृष्णवर्णीयांना बंद असल्याने तो येथे आला होता. १९३५ साली गुरुशिष्य त्याच विद्यालयाविरुद्ध न्यायालयात उभे राहिले आणि डोनाल्ड मरे या तरुणास तेथे प्रवेश मिळवून दिला. अशा खटल्यांचा भार अशिलांवर न टाकता कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी राष्ट्रीय संस्था तो उचलीत असे. पुढे त्या संस्थेचे कायदेविषयक कार्य ह्यूस्टन यांच्याकडून मार्शल यांच्याकडे आले.

अतिश्रमाने ह्यूस्टन यांचे हृदय थकले. २२ एप्रिल १९५० रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्या लढ्यात कृष्णवर्णीय मुलांची बाजू मांडणाऱ्या वकिलांचे नेतृत्व मार्शल यांच्याकडे होते, आणि त्यांच्या सोबत्यांपैकी अनेक जण ह्यूस्टन यांच्या हाताखाली शिकलेले होते.