नाटककार विष्णुदास भावे व त्यांच्या बाहुल्या

दिवाळी सरली, की आमच्या कुहीच्या आसपास खेडोपाडी मंडई भरू लागते. दिवसभर बाजार आणि पाहुणेरावळे. रात्री दंडार किंवा खडी गंमत. गावातलाच कोणी शेतकरी फेटा चढवून राजा होतो, कोणी लुगडे नेसून राणी होतो, आणि पहाटेपर्यंत मंडळी जागची हालत नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात निम्मी मुले डोळे चोळीत बसलेली असतात. रात्री कोणते सोंग आले, ते कसे नाचले, कोणत्या बोलावर लोक हसले, हे सर्व त्यांस तोंडपाठ असते. परंतु परगावाहून आलेल्या त्या सोंगामागील माणसाचे नाव विचारले, तर क्वचितच कोणी सांगतो. सोंगे आणणारे आणि बाहुल्या नाचविणारे लोक जगाच्या स्मरणातून असेच नाहीसे होतात. ह्या लोकांच्या कलेतून वर आलेले, आणि ज्यांचे नाव मात्र मागे राहिले, असे एक पुरुष म्हणजे कै. विष्णुदास भावे. मराठी रंगभूमीचे जनक म्हणून त्यांस सर्व महाराष्ट्र ओळखतो. त्यांचे चरित्र यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

विष्णु अमृत भावे ह्यांचा जन्म सन 1819 च्या सुमारास झाला. त्यांचे घराणे सांगलीचे अधिपती चिंतामणराव उर्फ आप्पासाहेब पटवर्धन ह्यांच्या आश्रयास होते. शाळेतील विद्येत विष्णूचे मन रमले नाही. त्याचे मन रमे ते हातांच्या कामात. मातीच्या मूर्ती कराव्या, लाकूड कोरून बाहुल्या घडवाव्या, गोष्टी रचाव्या आणि पदे जुळवावी, हाच त्याचा उद्योग. अशा मुलाविषयी वडील माणसांस काय वाटत असेल, ते आमच्या पालकवर्गास निराळे सांगावयास नको.

त्याच्या बाहुल्या म्हणजे लहान मुलींची भातुकली नव्हती. त्या कळसूत्री बाहुल्या होत्या. अशा बाहुलीचे अवयव निरनिराळे कोरून सांध्यांशी जोडलेले असतात. त्यांस बांधलेल्या दोऱ्या वर नेऊन खेळ करणाराच्या हाती दिलेल्या असतात. एक दोरी ओढली तर मान हालते, दुसरी ओढली तर हात उचलला जातो. सांधा घट्ट बसला तर हात अवघडतो, सैल पडला तर लोंबतो. म्हणजे बाहुली घडविणारास माणसाच्या शरीराचे चलनवलन आधी डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. माणूस रागावला असता खांदे कसे होतात, लाजला असता मान किती झुकते, हे ज्यास ठाऊक नाही, त्याची बाहुली लाकूडच राहते. विष्णूने हे शिक्षण कोणत्याही शाळेत घेतले नाही. परंतु ते घेतले खरे.

सन 1842 च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ कानडी भाषेत होत. पौराणिक कथा, भडक रंगलेली सोंगे, गाणे आणि नाच असा त्यांचा थाट असे. आप्पासाहेबांनी ते खेळ पाहिले. खेळ ओबडधोबड वाटला, तरी त्यातील शक्ती त्यांस दिसली. अशीच नाटके अधिक नीटनेटकी करून मराठीत आणावी, असे त्यांच्या मनात आले, व हे काम त्यांनी तरुण विष्णूवर सोपविले. मोठा पंडित न निवडता, पदे रचणारा व बाहुल्या घडविणारा एक तरुण त्यांनी निवडला, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. तो काम कसा करतो ते त्यांनी पाहिले आणि त्यावर विश्वास ठेविला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठीत नाटके होत होती. परंतु ती दूर दक्षिणेतच राहिली. सांगलीच्या ह्या तरुणापुढे कित्ता म्हणून मराठी नाटक नव्हते. नट नव्हते, पोशाख नव्हते, नाट्यगृह नव्हते. सर्व काही नव्याने जमवावयाचे होते.

ते त्यांनी जमविले. दिनांक 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगली येथे आप्पासाहेबांसमोर सीतास्वयंवर ह्या नाटकाचा प्रयोग झाला. आजही महाराष्ट्रात 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात, तो ह्याच प्रयोगाच्या स्मरणार्थ होय.

हे नाटक आजच्यासारखे नव्हते. प्रथम सूत्रधार येऊन मंगल पदे म्हणे. मग रानटी वेषाचा विदूषक येऊन थट्टामस्करी करी. पुढे गणपती येई, मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई, आणि त्यानंतर आख्यानास आरंभ होई. आख्यानातील पदे सर्व सूत्रधारच म्हणत असे. नट त्या पदांना धरून अभिनय करीत, व मध्ये मध्ये आपल्या बुद्धीप्रमाणे भाषणे करीत. ती भाषणे लिहिलेली नसत. राक्षस तर आरोळ्या ठोकीत, तलवारी परजीत असे काही प्रवेश करीत, की पुढे ह्या नाटकांस त्या आरोळ्यांवरूनच अललडुर्र असे थट्टेचे नाव पडले. स्त्रियांची कामे मुलगे करीत.

आता विद्यार्थ्यांनी क्षणभर विचार करावा. एक मनुष्य बाजूस उभा राहून सर्व कथा गातो, आणि त्याच्या गाण्याबरोबर रंगविलेली सोंगे हालतात, लढतात, रडतात. हा बाहुल्यांचाच खेळ नव्हे काय? सूत्र म्हणजे दोरी, आणि सूत्रधार म्हणजे दोरी धरणारा. तो शब्द आपल्या भाषेत संस्कृत नाटकांपासून चालत आला आहे हे खरे; परंतु भाव्यांच्या रंगभूमीवर तो शब्द अगदी अन्वर्थक झाला होता. त्यांनी लाकडाच्या जागी जिवंत माणसे उभी केली, एवढाच फरक, असे आम्हांस वाटते. ज्या हातांस बाहुली उभी करता येत होती, त्यांसच पुढे रंगभूमी उभी करता आली.

मात्र माणसे ही बाहुल्या नव्हेत. लाकडाच्या रामास पोट नसते, आणि रावणास मान हवा नसतो. तोंडास रंग लावून लोकांपुढे नाचणे हा उद्योग त्या काळी सभ्य घरांत हलका समजत. राजाचे पाठबळ होते, म्हणून मंडळी टिकून राहिली. सन 1851 मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि ते पाठबळ गेले. नाटकांपायी झालेले कर्ज मात्र राहिले. ज्याच्या शब्दावर सर्व मांडणी केली तो धनी गेला, आणि पदरी नटांचा मेळा, अशा स्थितीत कोणीही मनुष्य खचला असता. भाव्यांनी नटमंडळी बरोबर घेतली, आणि गावोगाव खेळ करीत ते निघाले.

असे फिरत सन 1853 मध्ये ते मुंबईस पोहोचले. ग्रँट रोडवर त्या वेळी एक नाट्यगृह होते, तेथे इंग्रजी खेळ होत. त्याच रंगमंचावर मार्च 1853 मध्ये भाव्यांच्या मंडळीने तिकिटे लावून नाटक केले. ह्या गोष्टीचे महत्त्व विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. तोपर्यंत नाटक हे राजाच्या मर्जीवर जगत होते. येथून पुढे ते सामान्य प्रेक्षकाच्या पैशावर जगू लागले. ज्यास राजवाड्यात शिरकाव मिळाला नसता, असा मनुष्यही तिकीट काढून आत बसू लागला. पुढल्याच वर्षी, सन 1854 मध्ये, त्यांनी राजा गोपीचंद हे नाटक हिंदुस्थानी भाषेत केले. मुंबईत नाना भाषांचे लोक राहतात, सर्वांस कळेल असे काही द्यावे, हे त्या सांगलीकराने ताबडतोब ओळखले.

भाव्यांचे यश पाहून सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर अशा अनेक गावांच्या नावांनी नाटकमंडळ्या निघाल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेले नटही इतर मंडळ्यांत गेले. जो मार्ग एकट्याने पाडला, त्यावर गर्दी झाली. सुमारे 1862 साली भाव्यांनी नाटकाचा व्यवसाय सोडला. त्या वेळी त्यांचे वय चाळीसच्या थोडे पुढे होते. पुढे सन 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. जुन्या राक्षसांच्या आरोळ्यांस लोक हसू लागले. हे सर्व भाव्यांनी आपल्या हयातीत पाहिले. सन 1885 मध्ये त्यांनी नाट्यकवितासंग्रह ह्या नावाने आपल्या आख्यानांची पदे छापून प्रसिद्ध केली. ही आख्याने पन्नासांहून अधिक आहेत. दिनांक 9 ऑगस्ट 1901 रोजी त्यांचा अंत झाला.

त्यांच्या नावाचे नाट्यगृह सांगलीस आहे, तसेच नवी मुंबईत वाशी येथेही आहे. त्यांच्या नावाचे गौरवपदक सांगलीस थोर रंगकर्मींस देण्यात येते. परंतु ह्या सर्वांहून आम्हांस एक गोष्ट अधिक हृद्य वाटते. भाव्यांच्या हातच्या लाकडी बाहुल्या नष्ट झाल्या नाहीत. त्या जपल्या गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध बाहुलीकार रामदास पाध्ये ह्यांनी त्यांची डागडुजी करून त्यांस पुन्हा खेळत्या केले. ज्या जिवंत नटांनी सीतास्वयंवर गाजविले, त्यांचे आवाज केव्हाच विरून गेले; मुक्या बाहुल्या मात्र मागे राहिल्या.

आणि बाकीच्यांचे काय? सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर लोक पिढ्यानुपिढ्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करीत आले. त्यांपैकी परशुराम गंगावणे ह्यांस सन 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे पुष्कळांस ह्या गावाचे नाव कळले. त्यांच्या आधीच्या पिढ्यांची नावे कोणत्या पुस्तकात शोधावी? आपल्या दारी येणारा बहुरूपी आज शिपाई होऊन धमकावतो, उद्या वैद्य होऊन नाडी पाहतो, आणि पसाभर धान्य घेऊन पुढच्या गावी जातो. त्यास राजा भेटला नाही, छापखाना भेटला नाही. भाव्यांस दोन्ही भेटले. बुद्धीचे अंतर कदाचित फार नसेल. संधीचे अंतर फार आहे.

शेवटी आमचीच एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा बाकाखाली चाकूने पांगाऱ्याचे लाकूड कोरीत बसे. एके दिवशी आम्ही ते हिसकावून खिडकीबाहेर टाकले. गणिताचा तास होता, व आमचे कर्तव्य आम्ही केले, असे तेव्हा वाटले. त्या लाकडास नाक आणि डोळे आले होते, हे आम्ही पाहिले होते, तरी टाकले. तो मुलगा पुढल्या वर्षी शाळेत आला नाही. गणित त्यास शिकविणे अवश्यच होते. परंतु तास संपल्यावर ती बाहुली त्याच्या हाती परत देणेही तितकेच अवश्य होते. विष्णुदासांचे चरित्र वाचताना प्रत्येक वेळी आम्हांस त्या मुलाची आठवण होते.

पालकांनी आपल्या घरी अशी कोरलेली बाहुली आढळल्यास ती फेकण्यापूर्वी एकवार नीट पाहावी. आणि विद्यार्थ्यांनो, यंदा मंडईस जाल, तेव्हा खेळ संपल्यावर पडद्यामागे जा, आणि रंग पुसणाऱ्या त्या माणसास त्याचे नाव विचारा. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात तेच विचारणार आहोत.