कर्ज फेडणारा वकील : अब्राहम लिंकन

अब्राहम लिंकन यांना सारे जग अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून ओळखते. प्रस्तुत लेखात मात्र ते एक बुडालेले दुकानदार होते, त्या काळाविषयी लिहावयाचे आहे.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात ओंडक्यांच्या झोपडीत त्यांचा जन्म झाला. शाळा सारी मिळून जेमतेम एक वर्षाची. १८३१ मध्ये ते इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या खेड्यात आले व पुढे विल्यम बेरी यांच्या भागीदारीत त्यांनी उधारीवर दुकान घेतले. ते बुडाले. १८३५ च्या जानेवारीत बेरी वारले आणि सुमारे ११०० डॉलरचे देणे मागे राहिले. त्या नव्या मुलखात बुडालेला माणूस रातोरात पश्चिमेकडे निघून जाई. त्याला शोधणार कोण? लिंकन तेथेच राहिले. भागीदाराच्या वाट्याचे देणेही त्यांनी अंगावर घेतले. घोडा व जमीन मोजणीची उपकरणे जप्त होऊन लिलावात गेली, ती जेम्स शॉर्ट या शेतकरी मित्राने विकत घेऊन त्यांना परत दिली.

१८३४ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले. तेव्हा त्यांनी कोलमन स्मूट यांच्याकडून २०० डॉलर उसने घेतले व त्यांतील ६० डॉलरचा पोशाख शिवला. कर्जबाजारी माणसाने पुन्हा कर्ज काढून कपडे शिवावेत, हे कापडाचा व्यापारी असूनही मला प्रथम रुचले नाही. पण मतदारांचा प्रतिनिधी फाटक्या वेषात कसा जाणार? ते लागोपाठ चार वेळा निवडून आले. गुलामगिरी अन्यायमूलक आहे, अशी नोंद १८३७ मध्ये केवळ एका सहकाऱ्यासह त्यांनी सभागृहाच्या दप्तरी केली.

उसन्या पुस्तकांवर कायदा शिकून १८३६ मध्ये त्यांनी सनद मिळविली. पुढील वर्षी स्प्रिंगफील्डला आले, तेव्हा अंथरुणाचे १७ डॉलरही जवळ नव्हते. दुकानदार जोशुआ स्पीड यांनी त्यांना माडीवरील आपल्याच खोलीत जागा दिली. पुढे घोड्यावरून गावोगावच्या न्यायालयांत फिरून केलेल्या कमाईतून ते जुने देणे अनेक वर्षे फेडीत राहिले. १८५६ मध्ये एका अशिलाने २५ डॉलर पाठविले, तर काम तेवढे नव्हते म्हणून त्यांनी १० डॉलर परत केले. आपल्या अचौर्य अणुव्रताचे नावही त्यांच्या कानी गेले नसावे!

१८६१ च्या फेब्रुवारीत राजधानीस निघताना त्यांनी भागीदार हर्नडन यांना कचेरीवरची पाटी तशीच राहू द्यावयास सांगितले. परत येऊन वकिली करावयाची होती. १५ एप्रिल १८६५ रोजी मारेकऱ्याच्या गोळीने त्यांचे निधन झाले. ४ मे रोजी स्प्रिंगफील्ड येथेच त्यांचा दफनविधी झाला.