महाराणी रुद्रमादेवी : काकतीय कुळाची शिवभक्त राज्ञी

तेलंगणातील वरंगळ म्हणजे काकतीय राजांची राजधानी ओरुगल्लू. श्रीस्वयंभू महादेव हे या नगरीचे आराध्यदैवत. याच नगरीत तेराव्या शतकात एका राजकन्येने पित्याचे सिंहासन सांभाळले. त्या पुण्यशील राज्ञीचे चरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे संक्षेपाने देत आहोत.

रुद्रमादेवींचे पिता गणपतिदेव तरुणपणी देवगिरीच्या यादवांच्या बंदिवासात होते. यादवांनी त्यांना मुक्त केल्यावर इ. स. ११९९ मध्ये ते गादीवर आले. त्यांनी शस्त्राइतकाच सोयरिकीचाही उपयोग करून राज्य वाढविले. किनाऱ्यावरील दिवी प्रांत जिंकल्यावर तेथील नायक घराण्यातील नारमा व पेरमा या भगिनींशी त्यांनी विवाह केला आणि त्यांचे बंधू जायप यांना सेनापतिपद दिले. कन्या गणपांबा कोट घराण्यातील बेत राजांना देऊन तेही राज्य जोडून घेतले.

परंतु गणपतिदेवांना पुत्र नव्हता. ज्येष्ठ राजघराण्यातील प्रबळ जामात आला असता, तर काकतीयांचे राज्य त्याच्या कुळात विलीन होण्याचे भय होते. रुद्रमादेवींचा विवाह निडदवोलू येथील पूर्व चालुक्य राजपुत्र वीरभद्र यांच्याशी झाला. हे कुळ प्राचीन व प्रतिष्ठित, पण सत्तेने लहान होते. त्यामुळे राजदंड कन्येच्याच हाती राहिला. पित्याच्या हयातीतच त्या रुद्रदेव महाराज या पुरुषनामाने कारभार पाहू लागल्या व इ. स. १२६२ च्या सुमारास स्वतंत्रपणे राज्य करू लागल्या.

स्त्रीचे शासन काही सामंतांना रुचले नाही. देवगिरीचे यादवराज महादेव यांनीही स्वारी केली. परंतु ओरुगल्लू अभेद्य राहिले. बीदर येथे सापडलेल्या शिलालेखावरून राणींची सत्ता तेथवर पोहोचल्याचे दिसते. त्यांनी राजधानीचा दगडी तट बळकट केला व स्वयंभू मंदिरात रंगमंडप उभारला. रायगजकेसरी हे त्यांचे बिरुद.

राणींचे दानधर्माचे कार्य विशेष स्मरणीय आहे. इ. स. १२६१ च्या मलकापुरम् शिलालेखानुसार गणपतिदेवांनी गुरू विश्वेश्वर शिवाचार्य यांना मंदडम् गाव देण्याचे ठरविले होते. रुद्रमादेवींनी त्यासह वेलगपूडी गावही दिले. या उत्पन्नातून मंदिर, मठ व पाठशाळेबरोबरच अन्नछत्र, आरोग्यशाळा व प्रसूतिशाळाही चालत असे. देवास अर्पण केलेले द्रव्य रुग्णांच्या व प्रसूत मातांच्या सेवेस लागावे, ही दृष्टी आजच्या दात्यांनाही आदर्शवत् आहे.

राणींना पुत्र नव्हता. कन्या मुम्मडम्मा यांचे पुत्र प्रतापरुद्र यांना त्यांनी वारस नेमले. पुढे कायस्थ सामंत अंबदेव यांनी बंड केले. चंदुपटला येथील इ. स. १२८९ च्या शिलालेखात राणी व त्यांचे सेनापती मल्लिकार्जुन नायक यांना शिवलोक लाभावा म्हणून सोमनाथदेवास भूमिदान दिल्याची नोंद आहे. अंबदेवांशी झालेल्या युद्धातच दोघांना वीरमरण आले, असे अभ्यासक मानतात. हे दान कोणा राजाने नव्हे, तर त्या सेनापतींच्या सेवकाने दिले. प्रजेच्या मनातील राणींचे स्थान यावरून कळते.

स्वयंभू मंदिर आज भग्नावस्थेत असले, तरी त्याची चार भव्य कीर्तितोरणे वरंगळच्या किल्ल्यात उभी आहेत. जवळच हनमकोंडा येथे इ. स. ११६३ मधील सहस्रस्तंभ मंदिर आहे. भाविकांनी दोन्ही स्थानांचे दर्शन घेऊन या राज्ञीचे पुण्यस्मरण अवश्य करावे.