बोटांवरची चक्रं आणि हृदयातले धागे

शंख किती, चक्रं किती, हे बोटांवर मोजायचा खेळ आपण सगळ्यांनीच लहानपणी खेळला असेल. हीच नक्षी शास्त्रीय शिस्तीने नऊ प्रकारांत बसवली ती एका चेक डॉक्टरने, १८२३ मध्ये. त्याचं नाव यान पुर्किन्ये. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात मी 'पुर्किंजे तंतू' पाठ केले होते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत ठोक्याचा संदेश पसरवणारे तंतू. बोटांची नक्षी आणि हे तंतू एकाच माणसाने पाहिले, हे मला बरंच नंतर कळलं.

पुर्किन्ये १७८७ च्या डिसेंबरात बोहेमियातल्या लिबोखोवित्से गावी जन्मले. वडील जहागिरीचे कारभारी. ते लवकर वारले. मुलगा चांगला गात असे, म्हणून त्याला मिकुलोव्ह इथल्या चर्चच्या गायकवृंदात जागा मिळाली आणि शिक्षणाची सोय झाली. पुढे तो पियारिस्ट या अध्यापक संघात दाखल झाला, पण धर्मगुरूची दीक्षा घेण्याआधीच बाहेर पडला आणि प्रागला गेला. १८१८ मध्ये डॉक्टर झाला. दृष्टीवरचा त्याचा प्रबंध कवी गटेला फार आवडला. १८२३ मध्ये प्रशियातल्या ब्रेस्लाऊला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, तो प्राध्यापक झाला. बोटांची नक्षी तिथल्याच लॅटिन प्रबंधात आहे. त्यात ना चोर पकडायचा विचार, ना भविष्य सांगायचा. जे दिसलं ते नीट मांडलंय, एवढंच.

घरात मात्र एकामागून एक घाव बसले. दोन मुली कॉलऱ्याने गेल्या, १८३५ मध्ये पत्नी गेली. तरी सूक्ष्मदर्शक सुटला नाही. १८३७ मध्ये लहान मेंदूतल्या मोठ्या पेशी त्यांनी दाखवल्या. १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयाच्या आतल्या अस्तराखाली राखाडी, बुळबुळीत धाग्यांचं जाळं सापडलं. ते काय काम करतं, हे त्यांना उलगडलं नाही. ते १९०६ मध्ये जपानी डॉक्टर सुनाओ तावारा यांनी दाखवलं.

मग बोटांवरून हृदय कळतं का? माझ्या काकांना झटका आला तेव्हा घरात प्रत्येकाने गुपचूप आपापला तळहात पाहिला होता! ज्योतिषी पाहतात त्या घड्या वेगळ्या आणि त्वचेचे हे बारीक कंगोरे वेगळे. कंगोरे आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमटू लागतात आणि पाचव्या महिन्यापर्यंत नक्षी पक्की होते. हृदयाची घडण त्याच्या थोडी आधी झालेली असते. त्यामुळे एखादा जनुकीय बिघाड दोन्हींवर खूण ठेवू शकतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहाताची नक्षी बरेचदा वेगळी असते आणि त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. म्हणून संशोधक हात तपासतात, ते योग्यच आहे. पण शेकडो हातांच्या सरासरीत दिसणारा फरक एका माणसाला लावता येत नाही. तशीच नक्षी धडधाकट माणसाच्या हातावरही असते. काकांच्या बाबतीत बोलायचं तर रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांचं ऐकायला हवं होतं. त्यासाठी तळहात उघडायची गरज नव्हती.

ब्रेस्लाऊच्या जर्मन वातावरणात सत्तावीस वर्षं काढूनही पुर्किन्ये यांनी आपली भाषा सोडली नाही. तिथे राहून त्यांनी शिलरच्या कविता चेकमध्ये आणल्या. १८५० मध्ये प्रागला परतले आणि १८५३ मध्ये चेक भाषेत 'झिवा' हे विज्ञानाचं नियतकालिक काढलं. २८ जुलै १८६९ रोजी ते वारले. 'झिवा' अजूनही निघतं. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत अंक काढणाऱ्या आपल्या मंडळाला हा माणूस परका वाटू नये. पुढच्या अंकात विज्ञानावरचे दोन-तीन लेख तरी यावेत, अशी माझी इच्छा आहे. कोण लिहितंय, बोला!